'शॅल' आणि 'मे' : कायद्याच्या भाषेतील दोन क्रियापदे

(महसूल, ग्रामविकास व शिक्षण या क्षेत्रांतील अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्या प्रशिक्षणवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



माझ्या भाषणाचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर वाचून आपणांपैकी काहींना आश्चर्य वाटले असेल. जेथे पाणीपुरवठा, घरपट्टीची वसुली, शाळाखोल्यांची दुरुस्ती अशा निकडीच्या प्रश्नांची चर्चा व्हावयाची, तेथे दोन इंग्रजी शब्दांचा कीस पाडण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर देण्यापूर्वी मी आपणांस आल्याच्या खरेदीची एक हकिकत सांगतो.

गुजरातमधील गोध्रा येथील एका व्यापाऱ्याने बाजार समितीचा परवाना न घेता आले खरेदी केले म्हणून त्याच्यावर खटला झाला. आले हा जिन्नस नियमनाखाली आणल्याची अधिसूचना राजपत्रात रीतसर छापून आली होती. मात्र ती त्या भागात खपणाऱ्या वृत्तपत्रात गुजरातीतून प्रसिद्ध झालेली नव्हती. गुजरातच्या १९६३ च्या कृषी उत्पन्न बाजार अधिनियमात अशी अधिसूचना वृत्तपत्रातही गुजरातीतून प्रसिद्ध करण्याविषयी जे वाक्य आहे, त्याच्या इंग्रजी पाठात क्रियापद आहे 'शॅल'. प्रश्न एवढाच होता, की हे 'शॅल' खरोखरीचे 'शॅल' आहे, की राजपत्रात छापून झाले म्हणजे भागले? प्रथम न्यायालयाने व्यापाऱ्यास सोडले, उच्च न्यायालयाने दोषी ठरविले, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७५ साली न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांनी निकालपत्र लिहिले. ज्या शेतकऱ्यांचे व व्यापाऱ्यांचे व्यवहार या अधिसूचनेने बांधले जाणार, त्यांना ती त्यांच्या भाषेत व त्यांच्या हाती पडणाऱ्या पत्रातून कळणे हाच त्या तरतुदीचा हेतू आहे; सबब गुजरातीतील प्रसिद्धी अनिवार्य आहे, असे ठरले. व्यापारी सुटला. त्याच्या खरेदीतले आले किती होते हा भाग गौण. पण लोकांना त्यांच्या भाषेत सांगितल्याशिवाय त्यांना शिक्षा करता येणार नाही, हे तत्त्व एका पाच अक्षरी इंग्रजी क्रियापदाच्या आधारे उभे राहिले.

आता या दोन शब्दांच्या मुळाकडे थोडे पाहू. येथे जमलेल्या शिक्षक बंधु-भगिनींना हा भाग परिचयाचा असेल. 'शॅल' या शब्दाचा जुन्या इंग्रजीतील अर्थ 'देणे लागणे' असा होता. त्याच कुळातील जर्मन शब्द आजही कर्ज आणि दोष या दोन्ही अर्थांनी वापरला जातो. म्हणजे 'शॅल' हा मुळात ऋणाचा शब्द आहे. कर्तव्य हे फेडावयाचे देणे आहे ही कल्पना आपल्याकडे पितृऋण, ऋषिऋण या शब्दांतून शतकानुशतके नांदत आहे, त्यामुळे मराठी मनास ती परकी वाटू नये. 'मे' या शब्दाचे मूळ याहून निराळे. बळ असणे, समर्थ असणे हा त्याचा जुना अर्थ. सामर्थ्य या अर्थाचे इंग्रजी नाम 'माइट' हे त्याचेच भावंड. आपल्या 'शकणे' या क्रियापदातही 'शक्' हा धातू आणि 'शक्ती' हे नाम दडलेले आहे. तेव्हा एका शब्दात देणे आणि दुसऱ्यात बळ, असा हा मूळचा भेद आहे, आणि कायद्याच्या भाषेने तो पुष्कळ अंशी आजपर्यंत जपला आहे.

घोटाळा झाला तो शाळेत. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकलेल्या पिढीला आणि तिच्या नंतरच्याही पिढ्यांना 'शॅल' शिकविला गेला तो भविष्यकाळाचे चिन्ह म्हणून. 'मी' आणि 'आम्ही' यांच्याबरोबर 'शॅल', इतरांबरोबर 'विल'. आणि निश्चय, वचन वा आज्ञा सांगावयाची असेल तेव्हा याच्या उलट. हा नियम इंग्रजी व्याकरणात फार जुना आहे. जॉन वॉलिस या गणितज्ञाने १६५३ साली लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात तो सापडतो. बुडणाऱ्या परदेशी माणसाने या दोन शब्दांची अदलाबदल केली आणि काठावरच्या शिष्ट मंडळींनी 'मला बुडावयाचेच आहे, कोणी वाचवू नये' असा त्याचा अर्थ घेऊन त्याला बुडू दिले, ही गोष्ट इंग्रजीच्या शिक्षकांनी वर्गात सांगितलेली आपणांपैकी अनेकांना आठवत असेल. बोलीच्या इंग्रजीत आज हा नियम फारसा कोणी पाळत नाही. पण शाळेतील त्या संस्काराचा परिणाम असा, की कायद्यात 'शॅल' दिसला की आपले मन त्याचे मराठी 'ईल' असे करते, आणि 'ईल' म्हणजे पुढे केव्हातरी होणारी गोष्ट असे समजून स्वस्थ बसते.

वस्तुतः कायद्यातील 'शॅल' हा काळ दाखवीत नाही. पंचायत अमुक करील, सरपंच तमुक सभा बोलावील, असे विधिमंडळ म्हणते तेव्हा ते भविष्य वर्तवीत नसते. ते कर्तव्य लादीत असते. आणि 'मे' म्हणते तेव्हा कोणास तरी अधिकार देत असते, जो वापरावा किंवा न वापरावा हे त्याच्या विवेकावर सोडलेले असते. इतके समजले म्हणजे काम संपले असते तर मला येथे येण्याचे कारणच नव्हते. परंतु 'शॅल' प्रत्येक वेळी बांधतोच असे नाही आणि 'मे' प्रत्येक वेळी मोकळे सोडतोच असेही नाही.

प्रथम 'मे' घेऊ. १८८० साली इंग्लंडच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने ऑक्सफर्डच्या बिशपाविषयीच्या एका खटल्याचा निकाल दिला. चर्चमधील एका धर्मोपदेशकाच्या वर्तनाबद्दल ज्यूलियस नावाच्या गृहस्थाने तक्रार केली होती, आणि बिशपाने त्यावर कार्यवाही करण्याचे नाकारले होते. कायद्यातील शब्द असे होते, की बिशपाने चौकशी करणे 'विधिसंमत असेल'. लॉर्ड्सनी सांगितले, की असे शब्द मूलतः अधिकार देतात, सक्ती करीत नाहीत. आणि त्या प्रकरणात निर्णय बिशपाच्या बाजूने लागला. पण त्याचबरोबर एक गोष्ट त्यांनी मान्य केली, आणि पुढे हा खटला तिच्याकरिताच उद्धृत होत राहिला. अधिकार ज्या कामासाठी दिला आहे त्या कामाचे स्वरूप, ज्यांच्या हितासाठी तो दिला आहे त्यांची स्थिती, यांमुळे कधी कधी अधिकाराला कर्तव्य जोडलेले असते, आणि मग तो वापरावाच लागतो. आपल्या न्यायालयांनी हे तत्त्व अनेकदा स्वीकारले आहे. एखाद्या नागरिकाने दाखल्यासाठी लागणाऱ्या सर्व अटी पुऱ्या केल्या आहेत, आणि नियमात 'सक्षम अधिकाऱ्यास दाखला देता येईल' असे आहे, म्हणून 'देता येईल असे आहे, द्यावाच असे नाही' हे उत्तर टेबलापलीकडून देता येत नाही. असे उत्तर मी ऐकले आहे. आपणही ऐकले असेल.

आता 'शॅल'. सरकारी नोकराविरुद्ध शिस्तभंगाची कारवाई करताना लोकसेवा आयोगाचा विचार घेण्यात येईल, असे संविधानाच्या अनुच्छेद ३२० मध्ये 'शॅल' वापरून सांगितले आहे. उत्तर प्रदेशच्या शिक्षण खात्यातील मनबोधनलाल श्रीवास्तव यांच्या प्रकरणात आयोगाचा विचार यथायोग्य घेतला गेला नव्हता. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले, की ही तरतूद अनिवार्य नाही. ती न पाळल्याने शासनाची कारवाई आपोआप रद्द होत नाही. कारण त्याच अनुच्छेदात काही बाबी नियमांनी वगळण्याची मुभा आहे, आणि विचार न घेतल्यास काय होईल हे संविधानाने कोठेही सांगितलेले नाही.

'न केल्यास काय?' ही कसोटी आपण मनात ठेवावी, असे मला वाटते. विधितज्ज्ञ यास आणखी पुष्कळ कसोट्या जोडतात; तरतुदीचा हेतू, सबंध अधिनियमाची रचना, आणि ज्यांचा काही दोष नाही अशा लोकांवर होणारा परिणाम. पण नित्याच्या कामात पहिली नजर तेथेच जावी. दिवाणी प्रक्रिया संहितेत २००२ पासून अशी तरतूद आहे, की प्रतिवादीने आपली कैफियत तीस दिवसांत द्यावी, आणि न्यायालयाने मुदत वाढविली तरी ती नव्वद दिवसांपलीकडे जाऊ नये. शब्द 'शॅल'च आहे. तरीही २००५ साली कैलाश विरुद्ध नन्हकू या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद मार्गदर्शनपर ठरविली, कारण मुदत टळल्याचा परिणाम तेथे दिलेला नव्हता आणि प्रक्रियेचे नियम न्यायाला साह्य करण्यासाठी असतात. पुढे वाणिज्यिक वादांसाठी कायदा करताना संसदेने एकशेवीस दिवसांनंतर कैफियत दाखल करण्याचा हक्कच जाईल असे स्पष्ट लिहिले, तेव्हा २०१९ साली त्याच न्यायालयाने ती मर्यादा अनुल्लंघनीय मानली. क्रियापद तेच, फरक पडला तो त्याच्या पाठीमागे उभ्या केलेल्या परिणामामुळे.

आपल्या कचेऱ्यांतील सर्वांत परिचित उदाहरण माहितीच्या अधिकाराचे. २००५ च्या अधिनियमात अर्ज आल्यापासून तीस दिवसांत माहिती देण्याविषयी जे कलम आहे त्यात 'शॅल' आहे, आणि कलम २० मध्ये त्याचा परिणाम आहे : वाजवी कारणाशिवाय विलंब केल्यास दररोज २५० रुपये, कमाल २५,००० रुपये शास्ती, आणि तीही अधिकाऱ्याच्या स्वतःच्या खिशातून. या 'शॅल'चे भाषांतर कोणासही समजावून सांगावे लागत नाही. आपल्या ग्रामपंचायत अधिनियमातील कलम ७ चेही तसेच. ग्रामसभा ठरल्या संख्येने घेण्याचे कर्तव्य सांगून विधिमंडळ तेथे थांबलेले नाही. पुरेशा कारणाशिवाय सभा न घेणाऱ्या सरपंचास त्या पदावर राहण्यास अपात्र ठरविण्याची सोय त्याच कलमात केली आहे.

आता मी ज्यासाठी हा विषय निवडला तेथे येतो. पंचायत सदस्यांनी या भागाकडे विशेष लक्ष द्यावे अशी विनंती आहे.

१९५० साली अमलात आलेल्या संविधानाच्या अनुच्छेद ४० मध्ये ग्रामपंचायती संघटित करण्यासाठी आणि त्यांना स्वराज्याच्या घटक म्हणून काम करता यावे इतके अधिकार देण्यासाठी राज्याने पावले उचलावीत असे सांगितले आहे. तेथे 'शॅल' आहे. पण हा अनुच्छेद मार्गदर्शक तत्त्वांच्या भागात येतो, आणि त्या भागाच्या आरंभीच अनुच्छेद ३७ उभा आहे. या एकाच अनुच्छेदात दोन 'शॅल' आहेत. पहिला सांगतो, की या तत्त्वांची अंमलबजावणी कोणत्याही न्यायालयाकडून करून घेता येणार नाही. दुसरा सांगतो, की कायदे करताना ती लागू करणे हे राज्याचे कर्तव्य असेल. म्हणजे देणे आहे, पण दावा लावता येणार नाही. सावकारी भाषेत बोलावयाचे तर खत लिहिलेले आहे, वसुलीची सोय नाही. महाराष्ट्राने हे देणे आपण होऊन बऱ्याच अंशी फेडले. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनंतर १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. सर्वच राज्यांत असे घडले नाही. कित्येक ठिकाणी पंचायतींच्या निवडणुका वर्षानुवर्षे झाल्याच नाहीत, आणि त्याविरुद्ध न्यायालयाकडे दाद मागण्यास अनुच्छेद ४० चा आधार पुरेसा नव्हता.

त्रेचाळीस वर्षांनी, २४ एप्रिल १९९३ रोजी, त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली. तिच्या इंग्रजी पाठातील क्रियापदांखाली आपण एकदा पेन्सिलीने रेघ ओढून पाहा. प्रत्येक राज्यात पंचायती घटित करणे : 'शॅल'. अनुसूचित जाती, जमाती आणि स्त्रिया यांच्यासाठी जागा राखून ठेवणे : 'शॅल'. पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पुरी करणे : 'शॅल'. दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग नेमणे : 'शॅल'. येथपर्यंत पेन्सिल एका सुरात चालते. मग अनुच्छेद २४३छ येतो, ज्यात पंचायतींना अधिकार व जबाबदाऱ्या देण्याचा विषय आहे, अकराव्या अनुसूचीतील एकोणतीस विषय ज्याच्याशी जोडलेले आहेत. आणि तेथे शब्द आहे 'मे'. कर बसविण्याचा अधिकार पंचायतींना देण्याविषयी : 'मे'. ग्रामसभेने कोणते अधिकार वापरावयाचे, तर राज्य विधानमंडळ कायद्याने देईल ते, आणि तेथेही 'मे'.

याचा सरळ अर्थ असा, की पंचायत असलीच पाहिजे, तिची निवडणूक झालीच पाहिजे, तिच्यात स्त्रियांना जागा मिळाल्याच पाहिजेत. पण तिच्या हाती काय द्यावयाचे हे राज्याने ठरवावे. घर बांधून देणे बंधनकारक, घरातील सामान ऐच्छिक. घटनाकर्त्यांच्या संघराज्याच्या कल्पनेत याला कारण आहे, हे मी जाणतो. स्थानिक शासन हा राज्यसूचीतील विषय आहे आणि प्रत्येक राज्याची परिस्थिती निराळी आहे. पण एखादे सदस्य 'संविधानाने आम्हांला एकोणतीस विषय दिले आहेत' असे सभेत ठासून सांगतात, तेव्हा त्यांनी हा 'मे' वाचलेला नसतो. संविधानाने ते विषय दिलेले नाहीत. राज्याला ते देता येतील असे म्हटले आहे. जे मिळाले आहे ते राज्याच्या अधिनियमांत व शासन निर्णयांत शोधावे लागते, आणि जे मिळालेले नाही ते विधानमंडळाकडे मागावे लागते. मागणी कोठे करावयाची हे या एका शब्दावरून कळते.

जेथे 'शॅल' आहे तेथे गोष्ट निराळी. २००६ साली अहमदाबाद महानगरपालिकेविषयीच्या किशनसिंग तोमर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पाच वर्षांच्या मुदतीची तरतूद अनिवार्य असल्याचे सांगितले, आणि निवडणूक लांबविण्यास प्रशासकीय अडचणी हे सबळ कारण होऊ शकत नाही असे बजावले. नगरपालिकांसाठी जो अनुच्छेद आहे त्याचेच प्रतिरूप पंचायतींसाठी अनुच्छेद २४३ङ मध्ये आहे. आपल्या राज्यातील बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत २०२२ मध्ये संपल्यावर तेथे निवडणुकीऐवजी प्रशासक आले आणि प्रश्न सर्वोच्च न्यायालयात पडून राहिला, हे आपण अनुभवले आहे. अनिवार्य शब्दालाही कधी कधी वाट पाहावी लागते, एवढेच तूर्त म्हणतो.

अनुसूचित क्षेत्रांतून आलेल्या सदस्यांसाठी आणखी एक उदाहरण. १९९६ च्या पंचायत विस्तार अधिनियमात, ज्याला आपण पेसा म्हणतो, भूसंपादनापूर्वी ग्रामसभेचा किंवा योग्य स्तरावरील पंचायतीचा विचार घेण्यात येईल असे आहे. पण गौण खनिजांच्या खाणपट्ट्याविषयी बोलताना ग्रामसभेची वा पंचायतीची शिफारस 'अनिवार्य करण्यात येईल' असे शब्द आहेत. मसुदाकारास एका ठिकाणी नुसता 'शॅल' पुरेसा वाटला, दुसऱ्या ठिकाणी त्याने त्याला 'अनिवार्य' हा टेकू दिला. 'विचार घेणे' आणि 'शिफारस अनिवार्य असणे' यांत किती अंतर आहे हे गडचिरोली किंवा नंदुरबारच्या ग्रामसभेला सांगण्याची गरज नाही. मात्र मघाच्या मनबोधनलाल प्रकरणावरून 'विचार घेणे' म्हणजे नेहमीच ऐच्छिक असा निष्कर्ष कोणी काढू नये. तेथे प्रश्न नोकरीच्या शिस्तीचा होता. येथे तो लोकांच्या जमिनीचा आहे, आणि हेतू पाहूनच शब्दाचे वजन ठरते.

यानंतर मराठीकडे वळतो. राज्याचा भाषा संचालनालय हा विभाग १९६० साली स्थापन झाला, १९६४ चा राजभाषा अधिनियम झाला, आणि कायद्याच्या मराठीचा एक साचा हळूहळू बसत गेला. त्या साच्यात 'शॅल'साठी 'करील', 'असेल', आणि 'मे'साठी 'करता येईल' अशी योजना आहे. 'करील' की 'करेल' हा वाद भाषाप्रेमींनी खुशाल चालू ठेवावा. कायद्याने 'करील' पसंत केला आहे. साचा चांगला आहे, कारण तो एकसारखा आहे. अडचण अशी, की तो साचा आहे हे वाचणाऱ्यास ठाऊक असावे लागते. 'ग्रामपंचायत पिण्याच्या पाण्याची तरतूद करील' हे वाक्य साध्या वाचकास आश्वासनासारखे वाटते, आणि आश्वासनांविषयी आपल्या लोकांचे मत काय आहे हे मी सांगावयास नको.

नकारात तर गंमतच होते. इंग्रजीत 'शॅल' नकारार्थी झाला की कडक मनाई होते. त्याचे मराठी साच्याप्रमाणे 'कोणतीही व्यक्ती अमुक करणार नाही' असे होते, आणि ते शपथेसारखे वाचले जाते. उलट 'मे'चा नकार मराठीत 'करता येणार नाही' असा होतो आणि कानाला तो अधिक कडक लागतो. म्हणजे होकारात जो शब्द सौम्य, तो नकारात भारी ठरतो. गावातील फलकावर 'येथे कोणी कचरा टाकणार नाही' असे लिहून पाहा. लोक त्यास भाकीत समजतील, आणि ते खोटेही पाडतील.

परिपत्रकांची मराठी याहून अवघड आहे, कारण तेथे 'करील' नसतो. तेथे 'करावे', 'करण्यात यावे' असते. दामल्यांनी आपल्या शास्त्रीय मराठी व्याकरणात, १९११ साली, विध्यर्थाचे अनेक अर्थ नोंदविले आहेत. आज्ञा, कर्तव्य, विनंती, इच्छा, उपदेश, हे सारे 'करावे' या एका रूपात मावतात. बोलताना स्वरावरून अर्थ कळतो. कागदाला स्वर नसतो. 'शाळांनी वृक्षारोपण करावे' हा आदेश की सल्ला? मुख्याध्यापकाने तो आदेश समजून दुष्काळात रोपे लावली तर चूक कोणाची?

याबाबतीत मी स्वतः केलेली एक चूक सांगतो. नोकरीत नुकताच रुजू झालो होतो. वरिष्ठ कचेरीकडून इंग्रजीत पत्र आले, त्यात माहिती पंधरा तारखेपर्यंत पाठविण्याविषयी 'मे' हा शब्द होता. मी शाळेत शिकल्याप्रमाणे 'माहिती पंधरा तारखेपर्यंत पाठविता येईल' असे भाषांतर करून तालुक्यांना पाठविले. सोळा तारखेला सत्तावीस ठिकाणांपैकी चार ठिकाणांहून माहिती आली होती. बाकीच्यांनी 'पाठविता येईल' म्हणजे पाठविली तरी चालेल असा अर्थ घेतला, आणि तो बरोबर होता. माझ्या वरिष्ठांनी मला बोलावून शांतपणे समजावले, की आपल्या कचेऱ्यांच्या इंग्रजीत असा 'मे' ही परवानगी नसते. तो सभ्यतेचा अंगरखा घातलेला हुकूम असतो. त्याचे मराठी 'पाठवावी' असेच करावयाचे. कायद्यातला 'मे' आणि पत्रातला 'मे' हे दिसावयास सारखे, पण एकाच्या मागे विवेक आहे आणि दुसऱ्याच्या मागे स्मरणपत्र. याखेरीज तिसराही एक 'मे' आहे, नियमांच्या संदर्भात येणारा : 'विहित करण्यात येईल त्याप्रमाणे'. तो ना परवानगी देतो ना हुकूम. पुढे होणाऱ्या नियमांकडे बोट दाखवून तो बाजूला होतो.

इंग्रजी बोलणाऱ्यांनाही या शब्दांचा त्रास झालाच आहे. दक्षिण आफ्रिकेने १९९६ च्या आपल्या संविधानात कर्तव्यासाठी 'शॅल' टाळून 'मस्ट' वापरला. अमेरिकेच्या संघीय दिवाणी प्रक्रियेचे नियम २००७ साली नव्याने लिहिले गेले तेव्हा त्यांतूनही 'शॅल' काढण्यात आला, कारण एकाच शब्दाचा कोठे 'केलेच पाहिजे', कोठे 'करावे', कोठे 'करील' असा अर्थ होत होता. मराठीने काय करावे? 'पाहिजे' हा आपला अस्सल शब्द आहे, आणि तो कोणासही फसवीत नाही. अधिनियमांचा साचा बदलणे आपल्या हाती नाही, पण ग्रामपंचायतीचे ठराव, शाळेच्या सूचना, पंचायत समितीची परिपत्रके ही आपणच लिहितो. जेथे करणे भागच आहे तेथे 'केलेच पाहिजे' लिहावे आणि न केल्यास काय होईल ते पुढच्या ओळीत लिहावे. जेथे मुभा आहे तेथे 'करता येईल' लिहून ती कोणास आहे हे सांगावे. सल्ला असेल तर 'करणे इष्ट' असे म्हणावयास संकोच कशाचा? 'शक्यतो अनिवार्यपणे करण्यात यावे' असे वाक्य मी एका सूचनापत्रात वाचले आहे. ते लिहिणाऱ्याच्या मनाची ओढाताण मला समजते, पण ते ज्यांच्याकडे गेले त्यांचे काय झाले असेल याची कल्पना करवत नाही.

एक खुलासा करून थांबतो. संविधानाच्या अनुच्छेद ३४८ नुसार, संसद कायद्याने अन्यथा ठरवीपर्यंत, अधिनियमांचा प्राधिकृत पाठ इंग्रजी असतो. राज्याने कायदा मराठीत केला तरी राज्यपालांच्या प्राधिकाराने प्रसिद्ध झालेले त्याचे इंग्रजी भाषांतर इंग्रजीतील प्राधिकृत पाठ मानले जाते. म्हणून मराठी प्रतीत 'करील' आणि 'करता येईल' यांविषयी शंका आली, तर इंग्रजी प्रत काढून तेथे 'शॅल' आहे की 'मे' आहे हे पाहण्याची सवय ठेवावी. तेवढ्यापुरते इंग्रजी ग्रामपंचायतीच्या कपाटात असणे गैरसोयीचे नाही.

आपण प्रत्येकाने आपापल्या कचेरीतून एक परिपत्रक किंवा ठराव आणला आहे, असे वर्गाच्या संयोजकांनी मला सांगितले. भोजनानंतर ते कागद पुढे घेऊ, त्यांतील प्रत्येक क्रियापदाखाली रेघ ओढू, आणि कोणाचे 'करावे' खरोखर 'करावे' आहे ते पाहू. मी माझे सत्तावीस तालुक्यांचे पत्रही सोबत आणले आहे. सुरुवात त्याच्यापासून केली तरी चालेल.